खोली रिकामी राहू नये म्हणून

तायची करायला काहीही लागत नाही. बॅट लागत नाही, जाळं लागत नाही, पंच लागत नाही, जोडीदारसुद्धा लागत नाही. हातपाय पसरता येतील एवढी जमीन आणि कुणी हसलं तर हसू दे म्हणण्याची तयारी, एवढ्यावर काम भागतं. चीनमध्ये असंख्य माणसं सकाळी बागेत जाऊन तायची करतात आणि घरी येऊन भाजी निवडायला बसतात. त्यासाठी त्यांना लिखित घटना, कोषाध्यक्ष आणि विम्याची पॉलिसी लागत नाही. तरीही ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत तायचीचा क्लब असतो, आणि क्लब म्हटला की तो चालवणारा एक जण असतोच. या अध्यक्षाबद्दल लोकांची समजूत अशी, की त्याला तायचीचं वेड असणार, तो शांत आणि धीमा असणार, सकाळी उठून ग्रीन टी पीत असणार. ही समजूत मुळातच चुकीची आहे असं माझं म्हणणं आहे. ज्याला तायची आवडते तो वसतिगृहामागच्या हिरवळीवर एकटाच तायची करतो आणि मजेत राहतो. अध्यक्ष निराळा. त्याला रिकामी खोली बघवत नाही. तायची त्याच्या वाट्याला आली हा योगायोग. विणकाम मंडळ आलं असतं तर त्याने त्याच तळमळीने लोकरीचे गुंडे सांभाळले असते. (अध्यक्ष मुलगी असण्याचा संभव तेवढाच आहे. मी ‘तो’ म्हणतोय ते केवळ सोयीसाठी, आणि एरवीची सगळी लक्षणं दोघांना सारखीच लागू आहेत.)

या माणसाचं पहिलं दर्शन घडतं ते सप्टेंबरच्या अखेरीस, फ्रेशर्स फेअरमध्ये. नव्या विद्यार्थ्यांना गळाला लावायला सगळे क्लब तिथे टेबलं मांडून बसतात. नौकानयनवाल्यांनी आख्खी होडी आत आणलेली असते, चीझ मंडळाकडे चीझ असतं, नाटकवाले अंगावर येऊन नाटक करत असतात. तायचीच्या टेबलावर एक लॅपटॉप, त्यावर आवाज बंद केलेला व्हिडिओ, गोळ्याचॉकलेटांचा वाडगा आणि एक लाकडी तलवार. होडी आणि नाटक यांच्या मध्ये उभा राहून अध्यक्ष घसा फोडून ओरडत असतो, ‘या, मनःशांती मिळवा!’ तीन तासांत त्याचा आवाज बसतो. लोक थांबतात ते तलवारीपाशी. एक जण ती उचलून मित्राच्या पोटात खुपसल्याचं नाटक करतो, फोटो काढतो, चॉकलेट घेतो आणि त्याची किंमत म्हणून आपला ईमेल लिहून देतो. संध्याकाळी अध्यक्षाकडे नावांची लांबलचक यादी असते. ती बघून तो दर वर्षी सभागृह मोठं घ्यावं का याचा विचार करतो. हा विचार दर वर्षी करणं हे या जातीचं पहिलं खात्रीचं लक्षण. मागच्या वर्षीची यादी त्याच लॅपटॉपमध्ये असते, आणि त्या यादीतले किती जण नोव्हेंबरात उरले हेही त्याला तोंडपाठ असतं. पण अनुभवाने शहाणा होणारा माणूस या पदापर्यंत पोचतच नाही.

पुढचं ठरल्यासारखं घडतं. पहिला वर्ग फुकट, त्यामुळे खोलीत दाटी. दुसऱ्या आठवड्यात निम्मे. तिसऱ्या आठवड्यात कळतं की यात कुणालाही फेकायचं नाही, तलवार वर्षभर कपाटातच राहणार आहे आणि पहिली वीस मिनिटं झाडाला मिठी मारल्यासारखे हात धरून नुसतं उभं राहायचं आहे. मग मांड्या भरून येतात आणि मुलं कराटेकडे वळतात. नोव्हेंबर उजाडतो, ब्रिटनमध्ये तो उजाडतो म्हणणं हीच अतिशयोक्ती, कारण दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं, पाऊस तिरका पडत असतो आणि उबदार खोलीतून उठून संथ हालचाली करायला अर्धा मैल चालत जाण्याचं कारण सुचता सुचत नाही. या टप्प्यावर माझा सिद्धान्त पडताळून बघता येतो. तायचीची आवड हाच खरा मुद्दा असता, तर पाच जण उरले याचा अध्यक्षाला आनंद व्हायला हवा होता. जागा भरपूर, शिक्षकाचं लक्ष प्रत्येकाकडे, प्रगती झपाट्याने. अध्यक्षाला मात्र त्या पाच जणांभोवतीची मोकळी जमीनच दिसत राहते. तो वर्ग दहा मिनिटं उशिरा सुरू करतो, ‘अजून कुणी येतंय का बघू’. कुणी येत नसतं. मग तो पाच जणांना जरा पसरून उभं राहायला सांगतो.

पण अशा माणसाला अध्यक्ष करतं कोण? आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीत जो वार्षिक सभेला गैरहजर राहतो त्याच्या गळ्यात सेक्रेटरीपद पडतं, हे सर्वांना माहीत आहे. तायची क्लबात नेमकं उलट होतं: जो हजर असतो तोच सापडतो. कोरमला जेमतेम पुरतील एवढी डोकी जमलेली असतात. त्यातले दोघं जूनमध्ये पदवी घेऊन जाणार, एक जण वर्षभरासाठी स्पेनला जाणार, आणि एक चुकून पुढच्या तासाच्या साल्सासाठी लवकर येऊन बसलेली. उरलेल्या मुलाकडे सगळे बघतात. तो म्हणतो, ‘मला अजून नीट येत नाही.’ टाळ्या वाजतात. स्टुडंट्स युनियनच्या ऑनलाइन मतदानात त्याच्यासमोर दुसरा पर्याय असतो ‘निवडणूक पुन्हा घ्यावी’ असा, आणि त्यालाही एकदोन मतं पडतात. निवडून आलेला विद्यार्थी संकोची, कष्टाळू आणि नाही म्हणता न येणारा असतो. अभ्यासक्रम कुठलाही असो, गटप्रकल्पाचा अहवाल शेवटी त्यानेच लिहिलेला असतो.

आता तायचीबद्दल थोडं, कारण या माणसाची कुचंबणा समजायला हिशेब लागतो. क्लबात बहुधा शिकवला जातो तो चोवीस हालचालींचा संच. १९५६ साली चीनच्या सरकारी क्रीडा आयोगाने यांग घराण्याच्या लांबलचक पारंपरिक संचातून हा छोटा संच बेतला, तो सामान्य माणसाला लवकर शिकता यावा म्हणूनच. सगळा करायला पाचसहा मिनिटं लागतात. क्लबाचं पहिलं सत्र असतं दहाएक आठवड्यांचं. पहिल्या आठवड्यात सुरुवात, मग रानघोड्याची आयाळ दुभागणं, पांढऱ्या करकोच्याचं पंख पसरणं, मग मागे मागे जात माकडाला परतवणं, चिमणीची शेपटी धरणं, असं करत डिसेंबरात गाडी दहाव्या हालचालीशी येते. हिला ढगांसारखे हात म्हणतात. तेवढ्यात नाताळची सुट्टी. जानेवारीत नवी मुलं येतात, आणि नव्यांना बुजल्यासारखं वाटू नये म्हणून अध्यक्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो. मार्चमध्ये पुन्हा ढग. मग ईस्टर, मग परीक्षा. अशा रीतीने सर्वांना पटकन यावा म्हणून बनवलेला पाच मिनिटांचा संच क्लबात वर्षभरात पुरा होत नाही. पुढे टाचेने लाथ मारायची असते, एका पायावर कोंबड्यासारखं उभं राहायचं असतं, समुद्रतळावरची सुई काढायची असते. पण ती सुई अनेक पिढ्या समुद्रतळाशीच पडून असते. क्लबाचे जुने सभासद पहिल्या दहा हालचाली अत्यंत सुंदर करतात आणि अकरावीपाशी एकमेकांकडे बघतात.

इथे पहिला आक्षेप येतो. कलेची गोडी नसती तर एवढा खटाटोप कुणी केला असता का? आक्षेप वजनदार आहे, पण तो टिकत नाही. गोडी असलेल्या माणसाने जानेवारीत पहिल्यापासून सुरुवात केली नसती. त्याला पुढची लाथ शिकायची घाई झाली असती. नवे चार जण टिकावेत म्हणून स्वतःची अकरावी हालचाल वर्षानुवर्षं गहाण टाकणारा माणूस तायचीवर प्रेम करतो म्हणणं म्हणजे लग्नाच्या हॉलच्या मॅनेजरला संसाराची हौस आहे म्हणण्यासारखं आहे. शिवाय वर्ग चालू असताना तो कुठे असतो बघा. सगळे डोळे अर्धवट मिटून श्वासाकडे लक्ष देत असतात आणि हा दाराजवळ उभा असतो. डावा हात करकोच्याचा, उजव्या हातात फोन. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचं असतं, पलीकडच्या झुंबावाल्यांना आवाज कमी करा म्हणून सांगायचं असतं, शिक्षकाच्या मानधनाची पावती घ्यायची असते, आणि मुख्य म्हणजे डोकी मोजायची असतात. श्वास तो सोडतो फक्त बारावा माणूस आत आल्यावर.

दुसरा पुरावा चीनमधून आलेल्या विद्यार्थ्यांचा. ब्रिटिश विद्यापीठांत त्यांची संख्या मोठी, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चोवीस हालचालींचा संच घरी असतानाच भेटलेला असतो, कारण तिकडच्या पुष्कळ महाविद्यालयांत तो शारीरिक शिक्षणाच्या तासाला असतो. म्हणजे आपल्याकडच्या पीटीच्या तासासारखीच त्याची आठवण: शिट्टी, ओळ, ऊन. असा एखादा विद्यार्थी कुतूहलाने क्लबात डोकावतो. डर्बीहून आलेला, चीनचं तोंडही न पाहिलेला अध्यक्ष त्याला काळ्या रेशमी सदऱ्यात सामोरा जातो आणि चिनी भाषेत पाठ केलेलं स्वागताचं वाक्य म्हणतो. पाहुणा नम्रपणे इंग्रजीत उत्तर देतो आणि मागच्या रांगेत उभा राहून सगळा संच, अकरावीपासून चोविसावीपर्यंतच्या हालचालींसकट, जांभई देत पुरा करतो. खरा रसिक इथे त्याचे पाय धरील. अध्यक्ष त्याला विचारतो, ‘पुढच्या मंगळवारी येशील ना? मित्रांनाही आण.’ तो येत नाही. त्याला बॅडमिंटन खेळायचं असतं, आणि ते शेजारच्याच हॉलमध्ये चालू असतं. त्याच्या लेखी तायची म्हणजे आजीआजोबांचं काम.

इतिहास बघितला तर ही कुचेष्टा आणखी गहिरी होते. हेनान प्रांतातल्या चेनज्यागोउ नावाच्या खेड्यात चेन घराणं ही विद्या घरातल्या घरात ठेवून होतं. यांग लूचान (१७९९–१८७२) हा बाहेरचा माणूस तिथे शिकला आणि पुढे त्याने ती पेकिंगला नेली. दंतकथा अशी की तो त्या घरी नोकर होता आणि रात्री फटीतून चोरून बघत बघत शिकला. दंतकथा खरी असो वा खोटी, त्या काळी विद्या मिळवायला भिंतीची फट शोधावी लागे असा तिचा सूर आहे. आज दार सताड उघडं आहे, दारावर पोस्टर आहे, आत वर्गानंतर फुकट पिझ्झा आहे, आणि फटीतून कुणी बघत असेल तर ते पुढच्या तासाचे साल्सावाले, खोली कधी रिकामी होते म्हणून. यांगचा नातू यांग चंगफू याने संच संथ आणि सर्वांना झेपेल असा केला. त्याचा शिष्य चेंग मान-चिंग याने तो सदतीस मुद्रांवर आणून १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये शिकवला. सरकारने चोवीसवर आणला. प्रत्येक पिढीने लोकांच्या चिकाटीचा अंदाज घेऊन थोडं कापलं. आमच्या अध्यक्षाने दहावर आणून ठेवलं, तेव्हा तोही परंपरेबाहेरचा आहे असं म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोक घेतात: हे सगळं बायोडेटासाठी चाललंय. पद मिळालं, नेतृत्वगुण लिहिता आले, नोकरी मिळाली. पण बायोडेटासाठीच धावायचं तर वादविवाद मंडळ आहे, गुंतवणूक मंडळ आहे, जिथे एकविसाव्या वर्षी टाय लावून बँकवाल्यांना भेटता येतं. तायची क्लबाचं अध्यक्षपद लिहिलं की मुलाखतीत समोरचे तिघं एकमेकांकडे बघून हसतात आणि त्यातला एक हवेत हात हलवून दाखवतो. तेवढ्यासाठी कुणी वर्षभर कपाटाची किल्ली सांभाळत नाही. तिसरा आक्षेप आरोग्याचा. तायचीने तोल सुधारतो, हे सिद्ध झालंय ना? झालंय, आणि चांगलं सिद्ध झालंय: ओरेगनमधल्या १९५ पार्किन्सन्सच्या रुग्णांवरचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली आला, आणि आठवड्यातून दोनदा असे चोवीस आठवडे तायची केलेल्यांचा तोल व्यायामाच्या इतर गटांपेक्षा अधिक सुधारला होता. पण एकोणीस वर्षांच्या मुलाचा तोल मुळात ठीक असतो. शुक्रवारी रात्री तो जातो त्याची कारणं वेगळी, आणि त्यावर एका पायावरचा कोंबडा उपाय नव्हे. चौथा आक्षेप मारामारीचा, आणि तो फार काळ घ्यायची गरज नाही. २०१७ साली छंगदूमध्ये शू श्याओदोंग या मिश्र युद्धकलेच्या खेळाडूने एका तायची शिक्षकाला काही सेकंदांत आडवं केलं, आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. तेव्हापासून फ्रेशर्स फेअरमध्ये कुणी ना कुणी फोन पुढे करून अध्यक्षाला तो दाखवतोच. अध्यक्ष शांतपणे बघतो आणि म्हणतो, ‘हो, पण मंगळवारी येऊन तर बघ.’

आता कागदपत्रं. तायची म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना पडला नसेल एवढा विद्यापीठाच्या कार्यालयाला पडतो. खेळ म्हणाल तर क्रीडा विभाग, वेगळी वर्गणी आणि वेगळे फॉर्म. सांस्कृतिक म्हणाल तर स्टुडंट्स युनियन, जिथे खोल्या कमी आणि मंडळं फार. युद्धकला म्हणाल तर विमा महाग. आमचा अध्यक्ष यातून जी वाट काढतो तिला तोड नाही. विमावाल्यांना तो लिहितो: सौम्य व्यायाम, स्पर्श नाही. अनुदानाच्या अर्जात: प्राचीन युद्धकला, स्पर्धात्मक शक्यता. फ्रेशर्सना: कुंगफू. परीक्षेच्या महिन्यात: ताणतणाव निवारण, बिस्किटांसह. हे चारही अर्ज एकाच लॅपटॉपवर एकाच रात्री लिहिलेले असतात आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. सर्वांत करमणूक होते ती रिस्क असेसमेंटची. जगातल्या सर्वांत संथ हालचालींमध्ये काय धोके आहेत हे रकान्यांत भरायचं असतं: धोका, शक्यता, तीव्रता, उपाय. धोका: मागे मागे जाताना रचलेल्या खुर्च्यांवर आपटणे. उपाय: मागे बघणे. धोका: ओल्या हिरवळीवर पाय घसरणे. उपाय: हिरवळीवर न जाणे. लाकडी तलवारीला तर स्वतंत्र पान. ती कपाटातून हॉलपर्यंत नेताना पिशवीत झाकून न्यावी, असा नियम एका सुरक्षारक्षकाच्या घाबरण्यानंतर घातलेला असतो, आणि तेव्हापासून ती क्रिकेटच्या बॅटच्या कव्हरातून जाते.

इथे काही हळवे लोक मध्येच म्हणतात की पाहा, हाच खरा तायचीपटू. समोरच्याचा जोर अंगावर न घेता बाजूला वळवतो, वाकतो पण मोडत नाही, कार्यालयाशी झुंजताना तोच नियम पाळतो. असं म्हणायचा मोह मलाही होतो, कारण त्याने लेख छान संपवता येतो. पण ते खरं नाही. खोली वाटप करणाऱ्या बाईंपुढे नमतं घेतल्याने मांडीचा स्नायू तयार होत नाही, आणि तायचीत शेवटी मांडी लागतेच. अध्यक्षाची मांडी क्लबातली सर्वांत कच्ची असते. तो तीन वर्षांत जितका वेळ उभा राहिला त्यातला बराचसा फॉर्मच्या रांगेत, आणि तिथे दोन्ही गुडघे ताठच ठेवले तरी चालतात.

मग टिकतं कोण? तीन प्रकारची माणसं. एक, पीएचडीचा पाचव्या वर्षाचा विद्यार्थी, जो या क्लबाएवढाच चिवट आणि तितकाच अपूर्ण असतो. दोन, गावातली निवृत्त मंडळी. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या क्लबात हे सहयोगी सभासद म्हणून येतात, पाच मिनिटं आधी येतात, स्वतःचे मऊ तळव्याचे बूट आणतात आणि पावसाचं निमित्त कधी सांगत नाहीत. माझ्या सिद्धान्ताला इथे खरी अडचण येईल असं वाटतं, कारण खोली तर यांच्याने भरते! पण युनियनचा नियम असा की बहुसंख्य सभासद विद्यार्थी हवेत. म्हणून तायचीचा सर्वांत जास्त उपयोग ज्यांना होतो, ज्यांच्यासाठी ते वैद्यकातले पुरावे आहेत आणि जे दर मंगळवारी न चुकता येतात, नेमकी तीच माणसं वाढली की क्लब धोक्यात येतो. मग एका आजींचं नाव नोंदवण्याआधी अध्यक्षाला आपल्या खोलीतल्या दोन मित्रांची नावं वर्गणीसकट नोंदवावी लागतात. वर्गणी तो स्वतः भरतो. मित्र खोलीत कधी पाऊल ठेवत नाहीत, पण कागदावर खोली भरलेली असते, आणि कागदावरची भरलेली खोलीसुद्धा त्याला थोडी झोप देते.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीचा. पुण्याहून किंवा नाशिकहून एका वर्षाच्या एमएस्सीसाठी गेलेली मुलं-मुली. घर सोडल्याचा पहिला महिना, थंडी, स्वयंपाकात मीठ कमीजास्त. अशात कुणी हसून ‘मंगळवारी ये’ म्हटलं की ती खरंच जातात, कारण बोलावल्यावर न जाणं आपल्याकडे बरं दिसत नाही. भारतातला आहे म्हणजे हिशेब येत असणार, एवढ्या अंदाजावर त्यांना दुसऱ्याच आठवड्यात कोषाध्यक्ष केलं जातं. घरी व्हिडिओ कॉलवर हे कळतं तेव्हा आई विचारते, ‘एवढं कर्ज काढून तिकडे गेलास ते हातवारे करायला? आबा सूर्यनमस्कार घाल म्हणायचे तेव्हा पोटात दुखायचं तुझ्या.’ यावर उत्तर नसतं. पण ताळेबंद मात्र चोख असतो. मागच्या चार वर्षांचा पिझ्झा कुणाच्या खिशातून गेला हेही तो शोधून काढतो. उत्तर अर्थातच अध्यक्षांच्या. एक वर्षाचा अभ्यासक्रम असल्याने हा हिशेबनीस वसंतात प्रबंधाला लागतो आणि क्लबाला पुन्हा कोषाध्यक्ष उरत नाही.

कुणाला हे सगळं अजूनही पटत नसेल तर २०२० सालाकडे बघावं. टाळेबंदीत खोलीच उरली नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात, सहा फूट जमिनीवर, निवांत. तायचीला याहून योग्य परिस्थिती कुठली? कलेचा भक्त असता तर तो दार लावून अकरावी हालचाल शिकला असता. अध्यक्षाने झूम उघडलं. पडद्यावर काळे चौकोन, प्रत्येकाचा कॅमेरा बंद. शिक्षकाचा डावा हात म्हणजे आपला उजवा की डावा, यावर अर्धा तास गेला. आणि त्याच डिसेंबरात युनेस्कोने तायचीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. अध्यक्षाने ती बातमी ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं, ‘कृपया कॅमेरे चालू ठेवा, किती जण आहात कळत नाही.’ संबंध मानवजातीने दखल घेतली तरी त्याचा आकडा जुळत नव्हता.

अशा माणसाने पद सोडायची वेळ आली की त्याला सर्वांत मोठी चिंता वारसाची. चांगली तायची येणारा तो शोधत नाही. असा माणूस कपाटाची किल्ली हरवतो, किंवा अकरावीपासून शिकवू लागतो आणि नवे पळून जातात. तो वर्ग संपल्यावर मुद्दाम बुटाची नाडी बांधत बसतो आणि बघत राहतो. बहुतेक जण पिशवी उचलून निघतात. कोपऱ्यातल्या खुर्च्या परत मांडायच्या असतात हे ठाऊक असूनही निघतात, यात त्यांचा दोष नाही. एक मुलगी मात्र दारापर्यंत जाते, थबकते, मागे वळून रिकाम्या खोलीकडे बघते आणि पिशवी खाली ठेवून खुर्ची उचलते. अध्यक्ष नाडी सोडून उठतो. पुढच्या आठवड्यातल्या सभेत तिचं नाव सुचवलं जातं, टाळ्या वाजतात, आणि ती घाबरून सांगते की ती जानेवारीत आलेली आहे, तिला माकडाच्या पुढचं काहीही येत नाही.

‘ढगांच्या पुढचं कुणालाच येत नाही,’ अध्यक्ष म्हणतो, आणि किल्ली तिच्या हातात ठेवून सांगतो की मंगळवारच्या खोलीचा अर्ज मे महिना संपायच्या आत गेला नाही तर ती साल्सावाल्यांना मिळते.